बाहुलीचा जीर्णोद्धार

चित्रे, दागिने, हस्तलिखिते ह्यांचा संग्रह मनुष्य फार प्राचीन काळापासून करीत आला आहे आणि त्यात नवल नाही. कारण त्या वस्तू जपण्यासाठीच निर्माण झालेल्या असतात. खेळण्याची गोष्ट वेगळी. खेळणे हे मळण्यासाठी, झिजण्यासाठी आणि बहुधा मोडण्यासाठी असते. म्हणून खेळणी जपणाऱ्यांचा एक मोठा संप्रदाय जेव्हा उभा राहतो, तेव्हा टीकाकाराने क्षणभर थांबून विचार करावा असे काही तेथे घडत असते. अमेरिकेत व युरोपात गेली अनेक वर्षे प्रौढ स्त्रीपुरुष आपल्या लहानपणच्या फॅशनच्या बाहुल्या, त्यांतही विशेषेकरून 'बार्बी', शोधून काढीत आहेत, मोल देऊन घेत आहेत आणि त्यांची डागडुजी करीत आहेत. ह्या उद्योगास पोरखेळ म्हणून हसणे सोपे आहे. परंतु त्यात हस्तकौशल्य आहे, शास्त्र आहे, अभिरुचीचे वाद आहेत. आणि जेथे बरेवाईट ठरविण्याचा प्रश्न येतो, तेथे टीकेला जागा आहे असे आम्ही समजतो. आमच्या मते ह्या साऱ्या उद्योगाच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. जीर्ण झालेली बाहुली नीट करावयास घेतली, म्हणजे परत काय मिळवावयाचे? कारखान्यातून निघाली त्या दिवशीची बाहुली, की एका मुलीच्या हाती जी नांदली ती?

प्रथम ह्या बाहुलीचे कूळ थोडक्यात सांगितले पाहिजे. जर्मनीतील 'बिल्ड' ह्या वृत्तपत्रात राइनहार्ट बॉइटीन ह्या चित्रकाराने १९५२ साली लिली नावाची एक चटपटीत तरुणी व्यंगचित्रांतून निर्माण केली आणि १९५५ साली तिची बाहुली झाली. ती मुळात मोठ्या माणसांच्या थट्टामस्करीची वस्तू होती. पुढच्याच वर्षी मॅटेल ह्या अमेरिकन कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, रूथ हँडलर, स्वित्झर्लंडच्या प्रवासात असता ती त्यांच्या दृष्टीस पडली. आपली कन्या बार्बरा कागदी बाहुल्यांशी खेळताना त्यांना मोठ्या बायकांच्या भूमिका देते, हे त्यांनी आधीच हेरले होते. मुलीला तान्ह्या बाहुलीची आई तेवढी व्हावयाचे नसते, उद्या आपण कोण होऊ ह्याची तालीमही तिला करावयाची असते, हे मर्म त्यांना उमगले. ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात साडेअकरा इंच उंचीची, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा पोहण्याचा पोषाख ल्यालेली बार्बी लोकांसमोर आली. किंमत तीन डॉलर. पुढे १९६४ साली मॅटेलने लिलीचे हक्कही विकत घेतले.

ह्या इतिहासातील एक प्रसंग आमच्या विषयाच्या दृष्टीने फार बोलका आहे. १९६७ साली कंबरेत वळणारी नवी बार्बी निघाली, तेव्हा जुनी बार्बी आणि वर दीड डॉलर आणून देणाऱ्या मुलीस नवी मिळेल, अशी योजना कंपनीने जाहीर केली. जी बाहुली आज मखमलीवर निजते, ती तेव्हा जुन्या भांड्याप्रमाणे मोडीत घालण्याची वस्तू होती! जुन्याविषयीचा जिव्हाळा बालपणात नसतो. तो मागाहून येतो आणि येतो तेव्हा वस्तू हातची गेलेली असते. संग्रहाचा जन्म ह्या हुरहुरीतून होतो.

संग्राहकांची विद्या मात्र हुरहुरीवर थांबलेली नाही. अगदी पहिल्या आवृत्तीच्या बार्बीच्या तळपायांस भोके असून त्यांत तांब्याच्या नळ्या बसविलेल्या असत, कारण तिला उभे करण्याच्या बैठकीचे खुंट त्यांत जात. दुसऱ्या आवृत्तीत ती भोके नाहीत. आरंभीच्या बाहुल्यांचे डोळे काळेपांढरे व भुवया कमानदार. १९६० साली बुबुळे निळी झाली आणि कमानीचा बाक उतरला. ह्या बारकाव्यांस कोणी हसू नये. कागद, शाई आणि अक्षराचे वळण पाहून पोथीचा काळ ठरविणारा संशोधक दुसरे काय करीत असतो?

परंतु ह्या विद्येच्या जोडीला बाजार आला आणि बाजाराने आपला एक सौंदर्यविचार सर्वांवर लादला. बाजाराच्या लेखी सर्वोत्तम बाहुली म्हणजे पेटीतून कधीच बाहेर न काढलेली बाहुली. पेटी उघडली की मोल उतरते. केस विंचरले की आणखी उतरते. चपलेचा एक जोड हरवला की आणखी. म्हणजे आपले बालपण शोधावयास निघालेला मनुष्य सर्वांत अधिक दाम मोजतो, ते जिला कोणाचेच बालपण लाभले नाही अशा बाहुलीसाठी. ही विसंगती लक्षात घेतल्याखेरीज डागडुजीच्या कलेतील गुणदोष कळावयाचे नाहीत. कारण पुष्कळसे कारागीर खेळलेल्या बाहुलीस न खेळलेल्या बाहुलीचे सोंग देण्यातच आपले कौशल्य खर्च करतात.

आता बाहुलीच्या व्याधींकडे वळू. बार्बीचे अंग पीव्हीसी ह्या प्लास्टिकचे. हे द्रव्य मूळचे ताठ व ठिसूळ. त्यास मऊपणा यावा म्हणून त्यात तेलासारखे दुसरे द्रव्य मिसळतात. कालांतराने हे मऊपणा आणणारे द्रव्य पृष्ठभागावर पाझरू लागते; पाय चिकट होतात, त्यांवर धूळ बसते, आणि आतील अंग हळूहळू आकसून कडक होते. आरंभीच्या कित्येक बाहुल्यांची कांती उडून त्या हस्तिदंतासारख्या पांढऱ्या पडल्या आहेत. सर्वांत प्रसिद्ध व्याधी कानांची. कानांतील कुड्यांच्या धातूत तांबे असते. त्याची प्लास्टिकशी गाठ पडून, पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकावे, तशी बाहुलीच्या कानापासून गालापर्यंत हिरवी झाक पसरते. ह्या विकारांत कोणाचा अपराध नाही. मुलीने बाहुली उराशी धरली काय अन् पेटीत ठेवली काय, द्रव्य आपल्या धर्माप्रमाणे वागणारच.

उपायही चमत्कारिक आहेत. तरुणांच्या तोंडावरील मुरमांसाठी मिळणारे बेंझॉइल पेरॉक्साइडचे मलम हिरव्या डागावर लावून बाहुली दिवसचे दिवस उन्हात ठेवतात. डाग फिकटतो, पण जपून न केल्यास भोवतालची कांतीही उतरते, आणि खोल मुरलेला डाग कधी कधी पुन्हा वर येतो. केस सरान नावाच्या कृत्रिम धाग्याचे. ते उष्णतेने नरमतात, म्हणून कढत पाण्यात बुडवून, विंचरून, बांधून त्यांना मूळचे वळण देता येते. संग्रहालयांतील शास्त्रज्ञ ह्याहून सावध असतात. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयात काम केलेल्या संशोधिका इव्हॉन शाशुआ ह्यांनी मऊ पीव्हीसीचा विशेष अभ्यास केला. अशा वस्तू बंद पात्रात ठेवल्या असता मऊपणा आणणारे द्रव्य उडून जाण्याचा वेग मंदावतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ह्या शास्त्राचा कटाक्ष बरे करण्यापेक्षा बिघाड लांबविण्यावर आहे, आणि हा विनय घरगुती कारागिरांनी अवश्य शिकण्यासारखा आहे.

येथवर वाद नाही. वाद सुरू होतो तो कारागीर रंगाचा कुंचला हाती घेतो तेव्हा. उडालेला ओठांचा रंग भरावा काय? कापलेले केस उपटून नवे रोवावेत काय? मुलीने निळ्या बॉलपेनने गालावर ओढलेली रेघ काढावी काय? दातांनी चावलेली बोटे पुन्हा घडवावीत काय?

वास्तुशास्त्रात हा वाद मागेच होऊन गेला आहे. १८४९ साली रस्किनने असे प्रतिपादिले की, जीर्णोद्धार ही इमारतीच्या विनाशाची सर्वांत वाईट तऱ्हा होय. उलट फ्रान्समधील व्हिओले-ल-द्यूकचे मत असे की, जी पूर्णावस्था इमारतीस कदाचित कधीच लाभली नसेल, तीही जीर्णोद्धाराने तिला देता यावी. बाहुलीच्या कारागिरांत हे दोन्ही पंथ आहेत. परंतु आमच्या मते दोहोंपैकी एकही येथे पुरा पडत नाही. रस्किनचे ऐकावे तर चिकट, हिरवी पडलेली बाहुली तशीच नष्ट होऊ द्यावी लागेल. व्हिओले-ल-द्यूकचे ऐकावे तर जुन्या अंगावर नवाच चेहरा येईल.

आम्हांस ह्याहून जवळचे उदाहरण सापडते ते ग्रंथसंपादनाचे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. लेखकूंच्या हातून शिरलेले अपपाठ त्यांनी दूर केले. परंतु स्वतः थोर कवी असूनही तिच्यात आपल्या ओव्या घातल्या नाहीत, आणि इतरांनीही घालू नयेत असे बजावले. शुद्धी आणि प्रक्षेप ह्यांतील हा विवेक आम्ही बाहुलीच्या कारागिरापाशी मागतो. कुडीच्या धातूने पसरलेला हिरवेपणा, पाझरलेले तेल, साचलेली धूळ हे अपपाठ होत. त्यांस कोणाचा अभिप्राय नाही, ते काढावेत. परंतु चावलेले बोट, कात्रीने वेडेवाकडे कापलेले केस, गालावरची शाई, हे एका वाचकाने समासात लिहिलेले टिपण आहे. ते चुकीचे असेल, ओबडधोबड असेल. परंतु ते कोणीतरी जाणून लिहिले आहे. मुलगी केस कापते तेव्हा ते पुन्हा वाढतील अशी तिची श्रद्धा असते, किंवा आपल्या हाती कात्री आल्याचा आनंद असतो. बोदलेअरने १८५३ साली खेळण्यांवर लिहिलेल्या निबंधात, मूल खेळणे मोडते ते त्याचा आत्मा पाहण्यासाठी, असा विचार मांडला आहे. तो मान्य केला तर बाहुलीवरील ओरखडा ही नुसती नासाडी ठरत नाही. तो एक प्रश्न असतो, आणि रंग फासून आपण तो प्रश्नच पुसून टाकतो.

ह्या दृष्टीने बाहुलीच्या कपड्यांचा विचार फार उद्बोधक आहे. शार्लट जॉन्सन ह्यांच्या देखरेखीखाली आखलेले आरंभीचे पोषाख जपानात शिवले जात. त्यांस अस्तर असे, इवल्या गुंड्या असत, खरोखर उघडणारी चेन असे. १९६० सालचा 'सोलो इन द स्पॉटलाइट' हा काळा चमचमता गायिकेचा पोषाख पाहिला, म्हणजे हे काम मोठ्यांच्या शिवणकामाच्या तोडीचे होते हे कबूल करावे लागते. त्यांचे जतन होते हे योग्यच. परंतु त्याच काळात मॅक्कॉल्स, सिम्प्लिसिटी अशा कंपन्या बाहुलीच्या कपड्यांचे कागदी नमुने विकीत आणि असंख्य घरांतून आया, आज्या ते नमुने आणून, मुलीच्या फ्रॉकातून उरलेल्या कापडाचे झगे बाहुलीस शिवीत. आमच्या इकडे ठकीला जुन्या लुगड्याच्या चिंधीचे पातळ नेसवीत, त्यातलाच हा प्रकार. कारखान्याचा शिक्का नाही म्हणून बाजारात ह्या घरगुती कपड्यांस फारशी किंमत नाही. ते गठ्ठ्याने, स्वस्तात विकले जातात. येथे बाजाराची अभिरुची किती उथळ आहे हे उघड होते. कारखान्याच्या पोषाखाच्या प्रती हजारो. घरी शिवलेल्या झग्याची जगात एकच प्रत. संशोधनाच्या कोणत्याही शाखेत एकमेव प्रत कोणी गठ्ठ्यात टाकीत नाही!

आता कोणी म्हणेल की, ज्याने पैसे मोजले त्याची बाहुली; तिचे काय करावे हे सांगणारे तुम्ही कोण? हा आक्षेप आम्ही अर्धा मान्य करतो. जो कारागीर जुन्या डोक्यावरील सारा रंग पुसून, आपल्या कल्पनेचा चेहरा काढून, ही माझी कृती आहे असे उघड सांगतो, त्याच्याशी आमचे भांडण नाही. तो रूपांतरकार आहे, आणि चांगल्या रूपांतरास वाङ्मयातही मान आहे. आमचे भांडण आहे ते रूपांतर करून त्यास मूळ संहिता म्हणणाऱ्याशी. नवे ओठ, नवे केस, दुसरीचे पाय जोडून तयार झालेली बाहुली 'अगदी नव्यासारखी' म्हणून विकली जाते, तेव्हा फसवणूक केवळ गिऱ्हाइकाच्या पैशाची होत नाही. ज्या आठवणीसाठी तो आला तिचीच होते.

दुसरा आक्षेप अधिक हळवा आहे. एखादी प्रौढ स्त्री म्हणेल, माझी बाहुली मला सुंदर आठवते. ती तशीच मला पुन्हा पाहू द्या. ह्या इच्छेची चेष्टा करण्याचा अधिकार कोणास नाही. पण सुंदर आठवते ती बाहुली कोणती? पहिल्या दिवशी पेटीतून निघाली ती फार तर एक संध्याकाळ टिकली असेल. पुढची कित्येक वर्षे जिच्याशी हितगुज झाले ती विस्कटलेल्या केसांची, एक चप्पल हरवलेलीच होती. तिला आपण नवी करून घेतली, तर जी क्षणभर होती ती मिळते आणि जी आपली होती ती जाते.

तेव्हा आमचा अभिप्राय असा की, ह्या कलेत उत्तम कारागीर तोच, ज्याला थांबावे कोठे हे कळते. द्रव्याने केलेली हानी त्याने धीराने, परत फिरता येईल अशा उपायांनी दूर करावी. मुलाने केलेली खूण राखावी. आणि जे नवे घातले त्याची नोंद बाहुलीबरोबर ठेवावी, म्हणजे पुढच्यास जुने कोणते, नवे कोणते हे कळेल. अशा कारागिराच्या हातून निघालेली बाहुली कदाचित बाजारात मागे पडेल. परंतु तिच्या धुतलेल्या चेहऱ्यावर शाईची एक फिकट रेघ राहिलेली असेल, आणि ती रेघ पाहताच कोणा मुलीचा हात तेथे फिरला होता हे तिऱ्हाइतालाही कळेल. जीर्णोद्धाराने ह्याहून अधिक काही साधावे, अशी अपेक्षा आम्ही करीत नाही.