करंडक कोणाचा आणि तालीम कोणाची?

चुडाव्याच्या मंडळींनी आम्हाला विषय दिला तो 'कलाशिक्षण आणि तरुण नेतृत्व' असा. यातल्या दुसऱ्या शब्दाची आम्हाला जरा धास्तीच वाटते. आपल्याकडे नेता म्हटला की आधी फ्लेक्स लागतो, काम मागाहून येतं. कलेतही आता तसंच होऊ लागलंय, म्हणून थोडं कडक बोलणार आहोत.

पुण्याची महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून कॉलेजच्या मुलांसाठी पुरुषोत्तम करंडक स्पर्धा भरवते. २०२२ साली परीक्षकांनी तो करंडक कोणालाच दिला नाही, एकही एकांकिका त्या तोलाची नाही म्हणून. बराच गदारोळ झाला. परीक्षकांना तो अधिकार होताच, आणि दर्जासाठी कधी 'नाही' म्हणावंही लागतं. पण आम्ही जी चर्चा वाचली ती सगळी रंगमंचावर काय दिसलं याचीच होती. त्याआधीच्या दोन महिन्यांत त्या मुलांमध्ये काय घडलं, कोण कोणाचं ऐकायला शिकलं, हा प्रश्न कुठे दिसला नाही.

आपल्याकडच्या युवक महोत्सवांत तर याहून वाईट प्रकार आम्ही पाहिलेत. कॉलेज बाहेरून दिग्दर्शक आणतं, पैसे मोजतं. तो पंधरा दिवसांत मुलांना हात कुठे, मान कुठे, हुंदका कुठे हे पाठ करून देतो. बक्षीस मिळतं, फोटो येतो. पुढच्या वर्षी तीच मुलं स्वतःहून एक प्रवेश बसवू शकत नाहीत. याला कलाशिक्षण कसं म्हणायचं? ही तर कवायत झाली, आणि तीही भाड्याच्या हवालदाराची.

आता दुसरं उदाहरण घ्या. तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात रंगमंचावर आलं. दिग्दर्शक जब्बार पटेल, नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे, दोघंही डॉक्टर. त्यांच्याबरोबरचे सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे. म्हणजे नाटकाचं रीतसर शिक्षण कोणी घेतलेलं नाही. सोबत भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना. या नाटकात पडदा कापडाचा नाही, माणसांचा आहे. ब्राह्मणांची एक रांग गाते, डुलते, पाठ फिरवते, की स्थळ बदलतं. त्या रांगेत कोणी 'हिरो' नाही. एकाचा पाय चुकला तर सगळी भिंत कोसळते. त्यामुळे प्रत्येकाला शेजाऱ्याचा श्वास ऐकावाच लागतो. पुढे संस्थेतल्या ज्येष्ठांनी प्रयोग थांबवले, तेव्हा ही मुलं बाहेर पडली आणि १९७३ मध्ये त्यांनी 'थिएटर अकॅडमी' काढली. निवडणूक नाही, नियुक्ती नाही. एकमेकांवर सोपवून काम करायची सवय लागलेली होती, तिचीच संस्था झाली.

अर्थात या कथेचा मोह फार धरू नये. ती पुण्यातल्या शिकल्यासवरल्या मुलांची रांग होती. पूर्णा तालुक्यातल्या पोरानं तिथं उभं राहायचं कसं? अकॅडमीलाही हे उमगलं असावं. १९८५ ते १९९४ या काळात फोर्ड फाउंडेशनच्या मदतीनं तिनं पुण्याबाहेरच्या नाट्यसंस्थांसाठी आणि नव्या नाटककारांसाठी योजना चालवल्या. हेतू उत्तम. पण अनुदानाला मुदत असते. आपल्या मराठवाड्यात औरंगाबादची 'जिगीषा'ची मुलं, प्रशांत दळवी, चंद्रकांत कुलकर्णी, मुंबईला गेली ती एकेकटी नव्हे, गट म्हणून. 'चारचौघी'मागे ती वर्षानुवर्षांची संगत आहे. मात्र तीही गेलीच, हे आपण विसरायचं का?

जॉन ड्युई म्हणत असे की लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नाही, ती मिळून जगण्याची रीत आहे. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब त्याचे विद्यार्थी होते, हे इथं अनेकांना ठाऊक असेल. आणि ज्यांना गावच्या भजनात जागा नव्हती त्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले, हेही ठाऊक असेल. भीमराव कर्डकांच्या जलशात गाणारा, ढोलकीवाला आणि विचार सांगणारा वेगळे काढता येत नसत.

भजनी मंडळ मात्र शाळा म्हणून आम्हाला आजही मोलाचं वाटतं. पोरगं आधी टाळ धरतं, मग मागे ध्रुपद धरतं. एखाद्या रात्री म्हाताऱ्या बुवांचा आवाज बसतो आणि चाल त्यालाच उचलावी लागते. त्याला पुढारी केलं कोणी? कोणीच नाही. पण त्या फडात मुली किती आणि कोणत्या गल्लीतली पोरं किती, हेही मोजा. दहावीला लोककलेचे वाढीव गुण मिळतात, त्या गुणांनी हे मोजमाप होत नाही.

ऐकतो की इथं एकांकिका स्पर्धा भरवायचं घाटतंय. आमचं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं करंडक ठेवूच नका. त्या पैशात शाळेची एक खोली संध्याकाळी उघडी ठेवा, दिव्याचं बिल भरा, आणि मुलींना घरी पोचवायला दोन मावश्या नेमा. बाहेरचा दिग्दर्शक बोलवायचाच असेल तर त्याला खुर्ची देऊ नका, झांजा द्या. आता तुमचे प्रश्न घेऊ. मागच्या बाकावरच्या पोरींपासून सुरुवात करू या.