मनोरोग आणि विश्वसनीय ज्ञान : एका ग्रंथाच्या निमित्ताने

मनाने खचलेला माणूस पुष्कळदा डॉक्टरांच्या आधी धर्मगुरूच्या दाराशी येतो. अशा वेळी आपण त्याच्या हाती कोणते वाङ्मय ठेवतो, हा प्रश्न गंभीर आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही एका तरुण स्त्रीस आरोग्यदानाच्या प्रार्थनेसंबंधीची एक पुस्तिका दिली. तीत अनेकांच्या साक्षी होत्या आणि बहुतेक साक्षींचा शेवट सारखाच होता : श्रद्धा दृढ झाली व गोळ्या सुटल्या. त्या बाईंनीही गोळ्या सोडल्या. तीन आठवड्यांनी त्यांना इस्पितळात न्यावे लागले. पुस्तिका आम्ही वाचली होती, पण पारखली नव्हती. प्रस्तुत लेखास हेच कारण घडले.

पारख करण्यासाठी एखादा चांगला नमुना डोळ्यांपुढे असावा लागतो. डॉ. विक्रम पटेल यांचा ‘व्हेअर देअर इज नो सायकियाट्रिस्ट’ हा इंग्रजी ग्रंथ आम्हांस तसा वाटतो. तो २००३ साली प्रसिद्ध झाला; डॉ. शार्लट हॅनलन यांच्या सहकार्याने सिद्ध झालेली दुसरी आवृत्ती २०१८ ची आहे. जेथे मानसोपचारतज्ज्ञ सहज मिळत नाही, तेथील सामान्य आरोग्यसेवकासाठी तो लिहिला आहे. ग्रंथकर्ते गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक असल्याने त्यांचे अनुभवक्षेत्र आपल्या परिचयाचे आहे.

ग्रंथाची मांडणी रोगांच्या नावांपेक्षा तक्रारींना अनुसरते, हा त्याचा पहिला गुण होय. ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत आमच्याकडे क्वचितच कोणी येतो. झोप लागत नाही, अंग दुखते, छातीत धडधडते, कशात जीव रमत नाही, अशीच भाषा कानी पडते. कधी ‘बाहेरचे काही झाले आहे’ असेही घरची माणसे सांगतात. ही बोली ऐकून तीमागचा विकार ओळखण्यास ग्रंथ शिकवितो. शिवाय, अखेरच्या भागात आपल्या प्रदेशाची माहिती वाचकाने स्वतः भरावी अशी योजना आहे. जे पुस्तक वाचकासाठी काही जागा मोकळी सोडते, ते आपली मर्यादा जाणते.

विश्वसनीयतेची दुसरी खूण ग्रंथकर्त्यांच्या संशोधनात दिसते. ‘मानस’ नावाने गोव्यात झालेल्या चाचणीचा अहवाल ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१० साली प्रसिद्ध झाला. १२ सरकारी व १२ खाजगी अशा २४ उपचारकेंद्रांतील २,७०० हून अधिक रुग्ण तीत होते. डॉक्टर नसलेल्या, परंतु या कामासाठी शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांची मदत कितपत उपयोगी पडते, हे पाहावयाचे होते. सरकारी केंद्रांत लाभ स्पष्ट दिसला. खाजगी केंद्रांत तसा फरक आढळला नाही. अहवालाने दोन्ही निष्कर्ष नोंदविले. आमच्या त्या पुस्तिकेत मात्र गुण न आलेल्या एकाही माणसाची नोंद नव्हती. प्रार्थनेच्या सामर्थ्याविषयी आम्हांस शंका नाही. पण ज्या वाङ्मयात अपयशाला जागाच नाही, त्याच्या आधाराने कोणाची औषधे बंद होऊ नयेत.

ग्रंथात आम्हांस एक उणीवही जाणवते. तो आरोग्यसेवकासाठी असल्याने अपराधभावाकडे लक्षण म्हणून पाहतो. परंतु खरा पश्चात्ताप कोणता आणि आजाराने लादलेला दोषभार कोणता, हा भेद आपणांस प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी करावा लागतो. संत इग्नेशियस लोयोला यांना १५२२ साली मनरेसा येथे हीच पीडा झाली. त्यांनी वारंवार पापनिवेदन केले, तरी समाधान लाभले नाही. जीव देण्याचाही विचार मनात आला. हे त्यांनी पुढे आत्मकथनात लपविले नाही. या बाबतीत ख्रिस्ती परंपरेजवळ सांगण्यासारखे बरेच आहे; वैद्यकीय ज्ञानाशेजारी ठेवून ते मराठीत लिहिण्याचे काम आपल्या सेमिनऱ्यांचे आहे.

कोणत्याही ग्रंथाचे वर्षही पाहावे. औषधांचे ज्ञान बदलते, तसा कायदाही बदलतो. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१८ पासून अमलात आला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे तो गृहीत धरतो. आपल्या धर्मसंहितेचेही तसेच आहे. १९१७ च्या संहितेने जाणूनबुजून आत्मघात करणाऱ्यास धर्मविधियुक्त दफन नाकारले होते. १९८३ च्या संहितेत अशा नकाराच्या यादीतून आत्मघाताचा उल्लेख गेला. जुनेच पुस्तक हाती धरून बसलेला धर्मगुरू शोकाकुल कुटुंबावर केवढा घोर अन्याय करील, याचा वाचकांनी विचार करावा.

यास्तव आपल्या धर्मबंधूंस आमची विनंती आहे. मनाच्या आजारावरील पुस्तिका कोणाला देण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात : हे कोणी लिहिले? केव्हा व कशाच्या आधारे लिहिले? गुण न आल्यास काय करावे, हे त्यात सांगितले आहे काय? आणि रुग्णाला डॉक्टरांकडे केव्हा न्यावे, हे त्यात आहे काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असल्यास ती पुस्तिका मंदिराच्या फळीवर ठेवू नये. आमच्या फळीवरून आम्ही ती काढली आहे. तेथे आता जवळच्या इस्पितळातील मानसोपचार विभागाची वेळ आणि शासनाच्या ‘टेली-मानस’ या विनामूल्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक लिहिलेला आहे. प्रार्थनेसाठी दार पूर्वीप्रमाणेच उघडे आहे.