निगेटिव्ह एक, प्रिंट अनेक

छायाचित्रांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात कॅमेरा असतो, छायाचित्रकाराची नजर असते, 'नेमका क्षण' तर हमखास असतो. डार्करूम मात्र क्वचितच असते. आणि जिच्यामुळे निगेटिव्हचे आपण पाहतो ते चित्र होते, त्या एन्लार्जर नावाच्या यंत्राचा तर उल्लेखही नसतो. फोटो 'मोठा करण्याचे' यंत्र, एवढीच त्याची ओळख. ही ओळख अपुरी आहे. छायाचित्राच्या अर्थाचा मोठा भाग या यंत्राखाली ठरतो आणि म्हणून त्याची जबाबदारीही तिथेच शोधावी लागते, असे मला या लेखात मांडायचे आहे.

मी विद्यापीठातला अभ्यासक नाही. बारावीनंतर तालुक्याच्या गावी एका फोटो स्टुडिओत मदतनीस म्हणून लागलो, तिथेच हे काम शिकलो. पुढची पुस्तके नंतर, जमेल तशी वाचली. त्या स्टुडिओतला एन्लार्जर लहान होता, लाकडी टेबलावर ठेवलेला. स्टुडिओ एसटी स्टँडला लागून होता. बाहेरून गाडी गेली की टेबल थरथरायचे आणि मालक आतून ओरडायचे, "थांब रे, जाऊ दे गाडी." गाडी गेल्यावर मगच दिवा लावायचा. एन्लार्जरला वजन का हवे, हे मी पुस्तकाआधी एसटीकडून शिकलो.

यंत्राची रचना तशी सोपी आहे. वर दिवा, त्याखाली निगेटिव्ह, त्याखाली भाता आणि भिंग, सर्वांत खाली ब्रोमाइड पेपर. निगेटिव्हमधून आलेला प्रकाश भिंगातून कागदावर मोठा होऊन पडतो. अडचण अशी की चित्राबरोबर चूकही मोठी होते. दहापट मोठे चित्र करताना निगेटिव्ह भिंगाच्या तुलनेत मिलिमीटरचा दहावा हिस्सा हलली, तर कागदावर चित्र पूर्ण एक मिलिमीटर सरकते. शिवाय तोच प्रकाश शंभरपट क्षेत्रावर पसरतो, म्हणून एक्स्पोजर लांबते. ते जितके लांबेल तितका वेळ यंत्राने जागचे हलता कामा नये. व्यावसायिक एन्लार्जर बिडाचे, जाड खांबांचे आणि अवजड झाले ते यामुळे.

या जातीचे एक नामांकित यंत्र म्हणजे इटलीतल्या दक्षिण टिरोल प्रांतातल्या ब्रिक्सन गावचे डुर्स्ट 'लॅबोरेटर 138'. युलिउस आणि गिल्बर्ट डुर्स्ट या भावांनी 1936 मध्ये ही कंपनी काढली. 13 बाय 18 सेंटिमीटरपर्यंतची निगेटिव्ह त्यात बसते, म्हणून 138. त्याहून मोठे, 18 बाय 24 साठीचे, ते 184. आज ही कंपनी मोठमोठी डिजिटल छपाईयंत्रे बनवते. मोठ्या लॅबमधले डुर्स्ट एकामागून एक भंगारात गेले. माझ्याकडचे 138 बंद पडलेल्या एका लॅबमधून मी वजनाच्या भावाने घेतले. ते जिन्यावरून उतरवायला चौघे लागले आणि घरी आल्यावर दार काढावे लागले.

अवजड यंत्राने छायाचित्रकाराला नेमके काय दिले? सगळ्यात आधी प्रकाशाची निवड दिली. कंडेन्सरची जाड भिंगे प्रकाश एका दिशेने सोडतात. निगेटिव्हमधल्या चांदीच्या कणांवर तो प्रकाश विखुरतो, त्यामुळे दाट भाग आणखी दाट असल्यासारखे वागतात. चित्र कडक येते, निगेटिव्हवरचा प्रत्येक ओरखडाही उठून दिसतो. दुधी काचेतून आलेला पसरट प्रकाश वापरला तर तीच निगेटिव्ह मऊ उतरते आणि ओरखडे लपतात. बेल्जियमचे आंद्रे कॅलिए यांनी 1909 मध्ये हा परिणाम मांडला, म्हणून त्याला त्यांचेच नाव आहे. म्हणजे दिवा बदलला की माणसाच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांची संख्या बदलते.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. यंत्र स्थिर असले की मिनिट-मिनिट एक्स्पोजर देता येते आणि तेवढ्यात हात चालवता येतो. तारेला लावलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्याने एखादा भाग झाकला की तो उजळ येतो, हे डॉजिंग. पुठ्ठ्याच्या भोकातून एखाद्या भागाला जास्त प्रकाश दिला की तो गडद होतो, हे बर्निंग. आठ सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये एखादी गोष्ट कशीबशी साधते. साठ सेकंदांत माणूस विचार करू शकतो.

हा विचार किती दूर जाऊ शकतो याचे उदाहरण अॅन्सेल अॅडम्स (1902-1984). त्यांचा 8 बाय 10 इंची निगेटिव्हचा एन्लार्जर जुन्या स्टुडिओ कॅमेऱ्यापासून करून घेतलेला, आडवा होता. चित्र समोरच्या उभ्या फळ्यावर पडायचे. निगेटिव्हच्या मागे 36 दिवे आणि प्रत्येकाला वेगळे बटण, त्यामुळे आकाशामागचे दिवे चालू ठेवून जमिनीमागचे बंद करता येत. अॅडम्स तरुणपणी पियानोवादक होण्याच्या तयारीत होते. निगेटिव्हला ते संगीताची लिखित संहिता मानत आणि प्रिंटला तिचे वादन. आपल्या भाषेत, निगेटिव्ह ही बंदिश आणि प्रिंट ही त्या दिवसाची मैफल.

त्यांचे 'मूनराइज, हर्नांडेझ' हे चित्र पाहा. 1941 च्या शरदात न्यू मेक्सिकोतल्या रस्त्यावरून जाताना त्यांना खेडे, दफनभूमीतले पांढरे क्रूस आणि उगवलेला चंद्र दिसला. लाइटमीटर सापडेना, म्हणून चंद्राच्या तेजावरून हिशेब करून त्यांनी एक एक्स्पोजर दिले. दुसरे घेण्याआधीच क्रूसांवरचे ऊन गेले. निगेटिव्ह एकच, तीही पुढच्या जमिनीच्या भागात पातळ. 1948 मध्ये तेवढा भाग त्यांनी रसायनाने दाट करून घेतला. पुढची अनेक वर्षे ते शेकडो प्रिंट काढत राहिले. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाश करडे आहे, वर ढगांच्या फिकट रेषा आहेत. नंतरच्या प्रिंटमध्ये तेच आकाश जवळजवळ काळे झाले.

दोन्ही काळांतल्या प्रिंटची छापील पुनरुत्पादने शेजारी ठेवून मी पुष्कळ वेळा पाहिली आहेत. सर्वत्र गाजलेली आहे ती काळी. माझे मत मात्र करड्या प्रिंटकडे झुकते. तिच्यात खेड्यातली संध्याकाळ आहे, अजून थोडा वेळ कोणी अंगणात काम करील असे वाटते. काळ्या प्रिंटमध्ये खेडे रंगमंचावर गेले आहे. ती अधिक भव्य आहे यात शंका नाही, पण त्या भव्यतेत माणसांची घरे नेपथ्य झाली आहेत. कोणाला माझे म्हणणे पटणार नाही. पण हा वाद एन्लार्जरखाली घडलेल्या निर्णयाचा आहे. 'मूनराइज'वर लिहिताना कोणत्या काळातली प्रिंट, हे न सांगणारा समीक्षक कोणत्या चित्राबद्दल बोलतो आहे हेच कळत नाही.

यावर आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. एडवर्ड वेस्टन हे 1932 च्या एफ/64 गटात अॅडम्स यांच्यासोबत होते. त्यांच्या प्रौढ काळातल्या कामाला एन्लार्जर लागलाच नाही. 8 बाय 10 ची निगेटिव्ह थेट कागदावर ठेवायची, वर एक साधा दिवा, झाले. यंत्र जितके कमी तितके चित्र खरे, असे कोणी म्हणेल. पण वेस्टनही त्या दिव्याखाली हाताने सावली धरून चित्राचा काही भाग उजळ ठेवत. यंत्र गेले तरी हात राहतोच.

बंदिशीच्या उपमेत मात्र एक धोका आहे. मैफलीतल्या श्रोत्याला ठाऊक असते की गवई आज वेगळे गाणार. छायाचित्र पाहणाऱ्याला ते ठाऊक नसते, तो समोरच्या कागदाला पुरावा मानतो. हे मला अॅडम्समुळे कळले नाही, आमच्या स्टुडिओत कळले.

आमच्याकडे मोठे काम असे ते मुलीच्या 'दाखवायच्या' फोटोंचे. मुलीचे वडील जाता जाता म्हणायचे, "चेहरा जरा उजळ येऊ द्या." मालक मला खुणावायचे. मी आठ सेकंदांपैकी तीन सेकंद चेहऱ्यावर पुठ्ठ्याची चकती धरायचो. दोन वर्षांत अशा किती मुली मी गोऱ्या केल्या, मोजले नाही. 1988 मध्ये माझ्या ताईचा फोटोही मीच काढून दिला आणि त्यावरही चकती धरली, कोणी न सांगता. पाहुणे आले. त्यांच्यातली एक बाई ताईसमोरच म्हणाली, "फोटोत बरी उजळ दिसत होती." ताई काही बोलली नाही. चहाचे कप गोळा करून आत गेली. त्या वेळी मला पाहुण्यांचा राग आला. खोटे बोललेला कागद माझ्या हातचा होता, हे पचायला बरीच वर्षे गेली.

स्टुडिओ बंद झाला तेव्हा निगेटिव्हचे डबे मी मागून घेतले. ताईची निगेटिव्ह त्यात होती. डुर्स्ट मार्गी लागल्यावर मी ती लावली. आधी कंडेन्सरवर, मग दुधी काचेवर, आणि या वेळी चेहऱ्यावर काहीच धरले नाही. दुधी काचेवरची प्रिंट मला आवडली. तिच्यात ताईचा सावळा रंग आहे आणि डोळ्यांखाली रात्रपाळीच्या नोकरीची काळी वर्तुळे आहेत. जुनी आणि नवी अशा दोन्ही प्रिंट तिच्यापुढे ठेवल्या. तिने जुनी उलटी करून ठेवली आणि नवी मागून घेतली.

एन्लार्जर भंगारात जातात याची हळहळ मला आहे, पण ती मुख्य गोष्ट नव्हे. आज जुन्या निगेटिव्ह स्कॅन होत आहेत आणि ते व्हायलाच हवे. पण स्कॅनमध्ये बंदिश उरते, मैफल उरत नाही. अॅडम्स यांना याची जाण होती. योसेमिटीच्या काही निवडक निगेटिव्हच्या प्रिंट काढण्याचे काम त्यांनी 1975 पासून त्यांचे सहायक अॅलन रॉस यांच्याकडे सोपवले. तिथे निगेटिव्हबरोबर ती कशी वाचायची हेही सोपवले गेले. आपल्या जिल्ह्या-जिल्ह्यांतल्या स्टुडिओंत ज्यांनी तीस-चाळीस वर्षे हे वाचन केले, त्यांच्याकडून कोणी काही लिहून घेतले नाही. कोणता भाग झाकला, कोणाच्या सांगण्यावरून झाकला, हे त्यांनाच ठाऊक आहे.

म्हणून छायाचित्रावर लिहिणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे. हे कोणी टिपले, एवढे विचारून थांबू नका. ही प्रिंट कोणी काढली, केव्हा काढली, कोणत्या प्रकाशाखाली काढली, आणि चकती कुठे धरली, तेही विचारा. माझ्यापुरते उत्तर मी वर दिले आहे.