नक्कल कुणाची, अभिनय कुणाचा?

मराठी समीक्षेच्या व्यवहारात 'नक्कल' हा शब्द जातीच्या दाखल्यासारखा वापरला जातो. केशवसुतांनी इंग्रजी सॉनेट मराठीत आणले, तेव्हा नव्या कवितेचे युग सुरू झाले. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली, तेव्हा मात्र ती अमेरिकेतल्या काळ्यांची नक्कल ठरवली गेली. वरच्याने उसने घेतले की तो संस्कार, खालच्याने घेतले की ती नक्कल, असा हा प्रस्थापित अभिरुचीचा अलिखित नियम आहे. 'मालेगाव के शोले' हा चित्रपट मी या नियमासमोर ठेवून पाहतो.

मालेगाव आमच्याच जिल्ह्यातले. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतून निघून आग्रा रोडने शंभरेक किलोमीटर गेले की यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. वृत्तपत्रांना हे गाव दंगली आणि बॉम्बस्फोट यांखेरीज आठवत नाही. इथला विणकर बहुतांशी मोमीन-अन्सारी. खानदानी मुसलमानांनीही त्याला 'जुलाहा' म्हणून हिणवले. मागांना शुक्रवारची सुट्टी, आणि सुट्टीला सिनेमा. इथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख या तरुणाने २००० साली सुमारे ५० हजार रुपयांत 'मालेगाव के शोले' केला. १९७५ च्या मूळ 'शोले'वर कोट्यवधी रुपये खर्च झाले होते. नासिरने नटांसारखे दिसणारे चेहरे गावातच शोधले. गब्बरचा 'रबर' झाला, बसंतीची 'बासमती'. आगगाडीऐवजी बस आली आणि डाकूंच्या घोड्यांऐवजी सायकली.

पुण्या-मुंबईचा प्रेक्षक सायकलवरचे डाकू पाहून हसतो, तेव्हा तो साधनांच्या दारिद्र्याला हसतो. मालेगावचा प्रेक्षकही हसतो. पण पडद्यावरचा हा नट उद्या शेजारच्या मागावर भेटणार आहे, हे त्याला ठाऊक असते. ज्या चेहऱ्यासाठी देश तिकिटाच्या रांगेत उभा राहिला, तसा चेहरा आपल्या गल्लीतही निघतो. मग त्या चेहऱ्याची थोरवी नेमकी कशात? चेहऱ्यात, की त्यामागच्या पैशात? या उपहासाचे टोक इथे आहे. मूळ 'शोले'तले गाव ठाकूरच्या सूडाची पार्श्वभूमी म्हणून उभे असते. इथे गावानेच कॅमेरा हाती घेतला आहे.

सोंग घेण्याची ही कला आमच्या लोकांना परकी नाही. बहुरूपी फौजदाराचा वेश घालून दारात येई, घरधन्याला दरडावी, आणि शेवटी हात पसरी. घटकाभर का होईना, सत्तेचा गणवेश भटक्याच्या अंगावर चढे आणि घरधनी हसत हसत घाबरे. समाजाने या कलेची किंमत काय केली? १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने गाणे, नाचणे, खेळ करून दाखवणे हे भीक मागण्याचे निमित्त ठरवले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले. भटक्याचा अनोळखी चेहरा हाच तिथे गुन्ह्याचा पुरावा झाला. ज्याच्या चेहऱ्यावर आधीच संशय आहे, त्याला दुसऱ्याचा चेहरा लावणे किती महाग पडू शकते, हे अभिजन समीक्षकाला कधी कळणार?

आता दुसरी बाजू. अंबडपासून जवळच, त्रिरश्मी बुद्धलेण्यांच्या पायथ्याशी, दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. त्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाला तो खाणावळीत काम करणारा साळुंके. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तोच राम आणि तोच सीता. साधने तिथेही तुटपुंजी होती, सोंग तिथेही होते. पण तो भारतीय चित्रपटाचा आरंभ म्हणून आदराने शिकवला जातो, आणि ते योग्यच आहे. तोच आदर मालेगावच्या वाट्याला आला, तो बाहेरच्यांनी दखल घेतल्यावर. फैझा अहमद खान यांच्या २००८ च्या माहितीपटामुळे जगाला मालेगाव दिसले. त्यानंतर रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आला. तो जिव्हाळ्याने केलेला आहे, त्यात कुचेष्टा नाही. पण त्याच्या निर्मात्यांत फरहान आणि झोया अख्तर आहेत. मूळ 'शोले' लिहिणाऱ्या जोडीतील जावेद अख्तर यांची ही मुले. म्हणजे विणकराने नटाचे सोंग घेतले आणि पाव शतकानंतर व्यावसायिक नटांनी त्या विणकराचे सोंग घेतले. पहिल्याला विडंबन म्हणतात, दुसऱ्याला अभिनय. माझा आक्षेप कलावंतांच्या प्रामाणिकपणावर नाही. खालून वर पाहणे हास्यास्पद आणि वरून खाली पाहणे संवेदनशील, या वाटणीवर आहे.

तरीही मालेगावचे कौतुक डोळे मिटून करता येणार नाही. या चित्रपटांत मालेगावची स्त्री कुठे आहे? नायिका बाहेरून आणाव्या लागल्या. मागाच्या कामात घराघरांतल्या बाया राबतात, पण गावाच्या पडद्यावर त्यांना जागा नाही. शिवाय नटाचे विडंबन करताना नटच केंद्रस्थानी राहतो, हाही धोका आहे. नुसत्या चेहऱ्याच्या साम्यावर उभी राहिलेली कला त्या चेहऱ्याची गुलाम होऊ शकते.

म्हणून मला 'मालेगाव का सुपरमॅन' हे पुढचे पाऊल वाटते. तिथे नक्कल अमेरिकन महानायकाची, पण देह यंत्रमाग कामगार शफीक शेखचा. हाडे दिसणारा हा सुपरमॅन लढतो तो गावातल्या घाणीशी आणि तंबाखूच्या व्यसनाशी. चित्रणासाठी बैलगाडीची क्रेन केली होती. पोलादी देहाचे सोंग ज्याने घेतले, तो शफीक २०११ साली तोंडाच्या कर्करोगाने गेला. विनोदाच्या आतली ही वेदना कुणी पटकथेत घातलेली नव्हती. ती त्या वस्तीतच होती.

१९२७ च्या डिसेंबरात महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की अस्पृश्यतेची ओळख पटवणारे लुगडे नेसण्याचे वळण टाका, कथलाचे दागिने टाका, वरिष्ठ वर्गातील स्त्रियांप्रमाणे लुगडी नेसा. तेव्हाही सनातन्यांनी नाके मुरडली असतील. पण नेमून दिलेला वेश फेकून नाकारलेला वेश अंगावर चढवणे, हा हक्काचा उच्चार होता. आमच्या जिल्ह्यातील भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसे उभे केले, तेव्हा तमाशाचे अंग घेतले आणि आशय बदलला. नकलेची कसोटी मी इथून घेतो. उसन्या रूपात आपला आशय किती शिरला, एवढेच पाहायचे.

अंबडच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणारी मुले आमच्या वर्गात येतात. स्नेहसंमेलनात ती हुबेहूब नटांची नक्कल करतात आणि आम्ही शिक्षक पोरखेळ म्हणून मान फिरवतो. कार्यकर्त्यांनाही हसणे हलके वाटते. त्या मुलाला गप्प बसवू नये. त्याला एवढेच सांगावे: नट जमला, आता कंत्राटदार करून दाखव.