बायजाबाई शिंदे : चरित्र, प्रवासवर्णन आणि विस्मरण

एकोणिसाव्या शतकातील मराठी राजघराण्यांतील स्त्रियांचा परिचय बहुधा पतीच्या वा पुत्राच्या नावाने करून दिला जातो. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे (१७८४–१८६३) यांच्या बाबतीत ही चौकट अपुरी पडते. कागलकर सर्जेराव घाटगे यांची ही कन्या १७९८ मध्ये पुण्यात दौलतराव शिंदे यांची पत्नी झाली. १८२७ मध्ये दौलतराव निपुत्रिक वारले. दत्तक घेतलेले जनकोजीराव अल्पवयीन असल्यामुळे १८३३ पर्यंत राज्यकारभार बाईंच्या हाती राहिला. पुढे फौजेने जनकोजीरावांची बाजू घेतली आणि बाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले.

विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथाचे मूळ निमित्त बायजाबाईच होत, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. बाई मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार व दक्षिणा मोठी मिळणार, असे ऐकून कर्जाने गांजलेले गोडसे १८५७ मध्ये वरसईहून उत्तरेस निघाले. वाटेत बंड उसळले आणि ग्रंथाचे केंद्र झाशीकडे सरकले. १९०७ मध्ये चिं. वि. वैद्य यांनी तो प्रसिद्ध केल्यापासून वाचकाच्या मनात ठसली ती लक्ष्मीबाई. यज्ञ करणारी बाई मात्र दानशूर यजमानीण एवढीच उरली. याचकाच्या दृष्टीला यजमानापलीकडचा माणूस दिसणे कठीणच!

याच्या अगदी उलट चित्र फॅनी पार्क्स या इंग्रज स्त्रीच्या १८५० मध्ये प्रकाशित झालेल्या प्रवासवर्णनात आढळते. १८३५ मध्ये फतेहगढ येथे बाईंचा तळ पडला असता तिला जनानखान्यात प्रवेश मिळाला. साध्या लाल रेशमी वस्त्रातील, हातात सोन्याच्या साध्या कड्यांखेरीज अलंकार नसलेली, सौम्य परंतु स्वतंत्र वृत्तीची विधवा तिने रेखाटली आहे. एका अंगाला पाय सोडून बसण्याच्या इंग्रजी खोगिराची मराठा स्त्रियांना मौज वाटते. पुढे हिंदू विधवेची व इंग्रज विवाहितेची स्थिती यांविषयी संभाषण होते, आणि कायद्याने पतीच्या अधीन असलेली इंग्रज पत्नी काही फारशी सुखी नाही, ही कबुली पाहुणीकडूनच येते. येथे बायजाबाई केवळ कुतूहलाचा विषय राहत नाहीत. त्या पाहुणीच्या समाजाची चौकशी करतात. तथापि पार्क्सला चित्रमयतेचा सोस आहे. सहा वर्षे राज्य चालवणारी, सावकारी व्यवहारात मुरलेली बाई तिच्या पृष्ठांवर क्वचितच डोकावते.

द. ब. पारसनीस यांनी १८९४ मध्ये झाशीच्या राणीचे व १९०२ मध्ये बायजाबाईंचे चरित्र लिहिले. एकाच लेखणीतून उतरलेल्या या दोन चरित्रनायिकांपैकी एकच लोकस्मृतीत स्थिरावली. त्याचे कारण चरित्रकाराच्या गुणदोषांत शोधणे अन्यायाचे ठरेल. जून १८५८ मध्ये तात्या टोपे व रावसाहेब यांनी ग्वाल्हेर घेतले तेव्हा बायजाबाई बंडवाल्यांना मिळाल्या नाहीत. रणांगणावरील मृत्यूला वीरकथेत जागा मिळते. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी घराण्याची गादी राखू पाहणाऱ्या सावध स्त्रीला ती मिळत नाही. तिला भित्री वा इंग्रजधार्जिणी म्हणून निकालात काढणे सोपे आहे. परंतु त्याच इंग्रजांनी १८३३ मध्ये तिची पाठराखण केली नव्हती, हे ध्यानी घेतल्यास हा निर्णय निष्ठेपेक्षा अनुभवातून आलेला दिसतो. काशीच्या ज्ञानवापी विहिरीवरील १८२८ चा स्तंभमंडप बाईंनी बांधविला. तो काळ त्यांच्या राज्यकारभाराचा होता. तरीही त्याची नोंद घेताना बाईंच्या धर्मशीलतेचाच गौरव होतो, खजिन्यावरील त्यांच्या अधिकाराचा नव्हे.