ध्रुवावरचे नंदनवन

मानवाचे आद्य नंदनवन पृथ्वीवर नेमके कोठे होते? या प्रश्नाचे सर्वांत धाडसी उत्तर अमेरिकेतील बोस्टन विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम वॉरन यांनी १८८५ साली 'पॅराडाइज फाउंड' या ग्रंथात दिले : उत्तर ध्रुवावर! लोकमान्य टिळकांनी 'दि आर्क्टिक होम इन द वेदाज' (१९०३) लिहिताना हा ग्रंथ विचारात घेतला होता. म्हणून मराठी वाचकाने तो तपासून पाहावा, असे आम्हाला वाटते.

वॉरन यांचा व्यासंग दांडगा. बायबलमधील एदेन, आपला मेरू, इराणी व ग्रीक कथा यांतील साम्यस्थळे त्यांनी कष्टाने जमवली. जोडीला भूविज्ञान घेतले. ओस्वाल्ड हेर यांनी ग्रीनलंड व स्पिट्सबर्गन येथील वृक्षांचे जीवाश्म वर्णिले होते. हा पुरावा अस्सल आहे. ध्रुवप्रदेशात एके काळी खरोखरच घनदाट वने होती.

अडचण आहे ती काळाची. ती वने कोट्यवधी वर्षांपूर्वीची, तर आपली मानवजात सुमारे ३ लाख वर्षांची. टिळकांनी काळ बराच अलीकडे आणला, इ. स. पूर्व १०००० ते ८०००च्या सुमारास हिमयुगाने ते मूलस्थान नष्ट केले, असे मानले. आज आपण जाणतो की, त्या सुमारास हिमयुग संपत होते. अर्थात, किरणोत्सारी कालमापन तेव्हा उपलब्ध नव्हते. त्यामुळे कालगणनेचा दोष या दोघांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

वॉरन यांच्या पद्धतीतला दोष मात्र काळाच्या सबबीवर सोडून देता येत नाही. नंदनवन प्रलयात समुद्राखाली गेले, असे ते म्हणतात. म्हणजे अवशेष सापडले तर सिद्धान्त खरा, न सापडले तरी खराच! पुढे नान्सेन यांच्या 'फ्राम' मोहिमेला (१८९३–९६) तेथे ३००० मीटरहून खोल महासागर आढळला.

मेरूवर सहा महिन्यांचा दिवस असतो, या परंपरेचे काय? पृथ्वी गोल आहे आणि सूर्य अर्धे वर्ष विषुववृत्ताच्या उत्तरेस असतो, एवढे मान्य केले की हे गणिताने काढता येते. आर्यभटांनी ते सांगितले. त्यासाठी त्यांना ध्रुवावर राहावे लागले नाही. एखादी माहिती खरी असली, तरी ती तेथील रहिवाशांचीच आठवण ठरत नाही.

'प्राचीन ग्रंथातले अमुक विज्ञानाने सिद्ध झाले', असे वर्गात कोणी म्हणाले, तर शिक्षकांनी चिडू नये. दोन प्रश्न विचारावेत : दोन्ही पुरावे एकाच काळातले आहेत काय? आणि काय आढळले असता तुम्ही हे मत सोडाल? टिळकांविषयी पूर्ण आदर बाळगूनही हे प्रश्न त्यांच्या ग्रंथाला विचारता येतात.