गिऱ्हाईक आणि रसिक : ‘बिग नाइट’मधील मेजवानीचा अर्थ

‘बिग नाइट’ (१९९६) हा चित्रपट प्रायः कला आणि व्यापार यांच्या द्वंद्वाची कथा म्हणून वाचला जातो. स्टॅन्ली टुची आणि त्यांचे नात्याने भाऊ असलेले जोसेफ ट्रोपियानो यांनी लिहिलेल्या, टुची व कॅम्बेल स्कॉट यांनी मिळून दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात या वाचनाला आधार नाही असे नाही. १९५० च्या दशकातील न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर प्रिमो आणि सेकोंदो हे दोन इटालियन भाऊ ‘पॅरडाइज’ नावाचे रेस्टॉरंट चालवीत आहेत. थोरला प्रिमो स्वयंपाक करतो आणि त्यात कसलीही तडजोड त्याला मान्य नाही. धाकटा सेकोंदो गिऱ्हाइकांचे, हिशेबाचे आणि बँकेचे पाहतो. समोरच पास्कालचे रेस्टॉरंट आहे. तेथील अन्न सुमार आणि गर्दी अमाप. प्रिमो म्हणजे कला, पास्काल म्हणजे बाजार आणि सेकोंदो या दोहोंमध्ये ओढला जाणारा सामान्य मनुष्य, अशी मांडणी केली की चित्रपटाचे आशयसूत्र हाती आल्यासारखे वाटते. परंतु ही मांडणी प्रिमोचे स्वतःविषयीचे मत चित्रपटाचे मत म्हणून स्वीकारते, आणि चित्रपटाच्या केंद्रस्थानी असलेल्या मेजवानीचे स्वरूप तिला उलगडता येत नाही. ती मेजवानी कोणासाठी होती आणि कोणी खाल्ली, या प्रश्नापासून विचार सुरू केल्यास संहितेचे निराळेच रूप दिसू लागते.

भारतीय साहित्यविचाराला हा प्रश्न परका नाही. रसाचे विवरण करताना भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात अन्नाचाच दृष्टान्त घेतला आहे. नाना व्यंजनांनी संस्कारित अन्न भोगताना सुमनस पुरुष जसे रस आस्वादितात, तसे सुमनस प्रेक्षक स्थायिभावांचा आस्वाद घेतात, असे ते प्रतिपादन आहे. आस्वाद, रुची, अभिरुची, रसिक ही आपली अवघी समीक्षापरिभाषा जेवणाच्या पानावरून उचललेली आहे, याचे आपल्याला आता भानही उरलेले नाही. या दृष्टान्तात ‘सुमनस’ हे विशेषण मात्र गृहीत धरलेले आहे. खाणारा सुमनस नसेल, पण पैसे मोजणारा असेल, तर काय होते? भरताला हा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. ‘बिग नाइट’चा पहिलाच महत्त्वाचा प्रसंग या प्रश्नावर उभा आहे.

रेस्टॉरंट जवळपास रिकामे आहे. एका जोडप्यातील स्त्रीने रिसोत्तो मागविला आहे. तो यायला उशीर होतो. आल्यावर त्यातले मासळीचे तुकडे तिला दिसत नाहीत. आणि मग तिला सोबत स्पॅगेटी हवी असते. स्पॅगेटी येते तेव्हा तिच्यावर मीटबॉल नाहीत याचे तिला आश्चर्य वाटते. कधीकधी स्पॅगेटीला एकटे राहायला आवडते, अशा अर्थाचे काहीतरी बोलून सेकोंदो वेळ मारून नेतो. स्वयंपाकघरात प्रिमोचा संताप अनावर होतो. भाताबरोबर पास्ता मागणारी ही बाई त्याच्या लेखी जवळजवळ गुन्हेगार आहे. प्रसंग विनोदी आहे आणि प्रेक्षक साहजिकच प्रिमोच्या बाजूने हसतो. मराठीत ‘ग्राहक’ आणि ‘गिऱ्हाईक’ हे एकाच मुळाचे दोन शब्द आहेत. एक रसग्रहणाच्या परिभाषेत जाऊन बसला, दुसरा दुकानाच्या पायरीवर राहिला. त्या टेबलावर बसलेली स्त्री गिऱ्हाईक आहे आणि प्रिमोला ग्राहक हवा आहे. सेकोंदोचे सारे आयुष्य पहिल्याला दुसरा मानून वागण्यात खर्ची पडते आहे.

परंतु प्रिमोच्या बाजूने हसताना एक गोष्ट निसटते. १८८० ते १९२४ या काळात सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत आले. त्यांतील बहुसंख्य दक्षिणेकडचे, गरीब शेतमजूर होते. मायदेशी सणासुदीला दिसणारे मांस येथे रोजच्या मजुरीत परवडू लागले, आणि पास्त्यावर मांसाचे गोळे घालून ते एकाच ताटात वाढण्याची रीत या वस्त्यांमधून रूढ झाली. मीटबॉल-स्पॅगेटी हे म्हणजे इटालियन अन्नाचे विडंबन नव्हे. उपाशी पोटाने समुद्र ओलांडलेल्यांनी नव्या सुबत्तेत केलेली ती निर्मिती होय. प्रिमो ज्याला भ्रष्टता म्हणतो ती त्याच्याच आधीच्या स्थलांतरितांची खरीखुरी पाककृती आहे. उलट ज्या रिसोत्तोच्या बाजूने तो लढतो तो उत्तरेकडील पो नदीच्या खोऱ्यातला, भातशेतीच्या प्रदेशातला पदार्थ. आणि मेजवानीचा कळस असलेला तिम्पानो, म्हणजे जाड कवचात पास्ता, अंडी, मांस भरून भाजलेला ढोलासारखा पदार्थ, दक्षिणेकडचा. एकाच स्वयंपाकघरात हे दोन्ही ‘आपले’ म्हणून नांदतात, याचा अर्थ प्रिमोचे ‘अस्सल’ अन्न एका गावाचे वा प्रांताचे राहिलेले नाही. इटलीचे राजकीय एकीकरण १८६१ चे. पेल्लेग्रिनो आर्तुसी यांचे पाककृतींचे सुप्रसिद्ध पुस्तक १८९१ चे. एक राष्ट्रीय पाकपरंपरा ही कल्पनाच अशी अर्वाचीन आहे आणि परदेशात गेलेल्यांना ती घरी राहिलेल्यांपेक्षा अधिक निकडीची वाटते. मेजवानीत रिसोत्तो येतो तो तीन रंगांत, इटलीच्या ध्वजाच्या रूपात. हा ध्वज मायदेशी जेवणाच्या टेबलावर मांडण्याची गरज पडली नसती. अस्सलपणा ही प्रिमोने बरोबर आणलेली वस्तू नाही. परक्यासमोर उभे राहिल्यावर ती घडली आहे. चित्रपटकर्त्यांना हे कितपत अभिप्रेत होते हा प्रश्न गौण आहे. ताटावरचा ध्वज संहितेतच आहे.

आता मेजवानीकडे वळता येईल. बँक मुदत वाढवून द्यायला तयार नाही. रेस्टॉरंट हातचे जाणार हे उघड आहे. सेकोंदो पास्कालकडे मदत मागायला जातो. पास्काल पैसे देत नाही, आपल्याकडे नोकरी देऊ करतो. आणि मग एक उपाय सुचवितो. सुप्रसिद्ध गायक लुई प्रिमा आपला मित्र आहे, त्याला तुमच्याकडे जेवायला पाठवितो. तो जेवला की वर्तमानपत्रांत नाव होईल. (न्यू ऑर्लिन्समध्ये सिसिलियन वंशाच्या कुटुंबात जन्मलेला हा गायक खराखुरा आहे आणि त्याची गाणी चित्रपटभर वाजतात.) भाऊ उरलीसुरली सगळी पुंजी त्या एका रात्रीवर लावतात. म्हणजे या मेजवानीचा मूळ हेतू आतिथ्याचा नव्हे, जाहिरातीचा आहे. तिच्यात घातलेला प्रत्येक पैसा ही गुंतवणूक आहे. आमंत्रित मंडळी, म्हणजे फुलवाली अॅन, मोटारींचा विक्रेता बॉब, फिलिस, गॅब्रिएला, ओळखीचे शेजारीपाजारी, ही भरतीची माणसे आहेत. खरा ग्राहक एकच, आणि तो यायचा आहे.

तो येत नाही. बराच वेळ वाट पाहून जेवण वाढले जाते आणि येथे चित्रपटाची गती पालटते. रात्रभर वाढलेली पाने एकामागून एक येत राहतात, पडद्यावर त्यांची नावे प्रकरणांच्या शीर्षकांसारखी उमटतात. ‘प्रिमो’ आणि ‘सेकोंदो’ हे जेवणातील पहिल्या व दुसऱ्या मुख्य पानाचेही शब्द आहेत, आणि न आलेल्या पाहुण्याचे नाव ‘प्रिमा’ आहे, ही श्लेषाची गंमत सहज ध्यानात येते. तिच्यावर फार भार टाकण्याचे कारण नाही. महत्त्वाचे हे की ज्याच्यासाठी गुंतवणूक केली तो नसल्यामुळे त्या अन्नाचे व्यापारी प्रयोजन गळून पडते. कोणाकडून बिल घ्यायचे नाही, कोणाच्या मतावर काही अवलंबून नाही. भरतीची माणसे अकस्मात सुमनस होतात. जेवणाच्या अखेरीस एक स्त्री रडू लागते. आपली आई किती वाईट स्वयंपाक करीत असे याचे तिला दुःख होते. आस्वादाचा हा या चित्रपटातील सर्वांत खरा उद्गार असावा. तृप्तीने तिला भूतकाळातील उपासमार दाखविली. पास्कालसारखा निर्ढावलेला मनुष्य तिम्पानो चाखून प्रिमोला गळामिठी घालतो, तेव्हा त्याची स्तुती आणि जिवे मारण्याची धमकी एकाच वाक्यात येतात.

मार्सेल मॉस यांनी १९२५ साली दानाविषयीच्या आपल्या निबंधात दाखविले की दान कधीच निव्वळ नसते; स्वीकारण्याचे आणि परत करण्याचे बंधन त्यात अनुस्यूत असते. ‘पॅरडाइज’मधील रात्रीचे दान मात्र विचित्र आहे. ते दान करण्याचे कोणी ठरविलेच नव्हते. परतफेड ज्याने करायची तो गैरहजर राहिल्यामुळे गुंतवणुकीचे दान झाले. चित्रपटाच्या आरंभी याचे छोटे पूर्वरूप दिसते. एक चित्रकार येथे जेवतो आणि पैशांऐवजी आपली चित्रे देतो; ती भिंतींवर टांगलेली आहेत. प्रिमोला हा व्यवहार पूर्णपणे उचित वाटतो आणि सेकोंदोला त्यातून भाडे भागत नाही. गेब्रिएल आक्सेल यांच्या ‘बाबेत्स फीस्ट’शी (१९८७) तुलना येथे उपयुक्त ठरते. डेन्मार्कच्या एका खेड्यात आलेली ती फ्रेंच स्वयंपाकीण लॉटरीत मिळालेले सर्व १०,००० फ्रँक एका भोजनावर खर्च करते. तेथेही पुंजी संपते, तेथेही जेवणारे बदलतात. पण बाबेतचे दान जाणूनबुजून केलेले आहे आणि त्याभोवती कृपेचे धार्मिक वलय आहे. येथे वलय नाही, कर्ज आहे. शिवाय बाबेतला फसविलेले नाही.

कारण पास्कालने लुई प्रिमाला कधी निरोपच दिलेला नव्हता. गॅब्रिएलाकडून हे उघड होते. या भावांचे दिवाळे काढून दोघांनाही आपल्या स्वयंपाकघरात आणायचे, एवढाच त्याचा डाव होता. म्हणजे चित्रपटातील एकमेव निखळ आस्वादाची रात्र एका लबाडीच्या पोटी जन्मली आहे. पास्काल प्रामाणिक असता तर प्रिमा आला असता, जाहिरात झाली असती, ‘पॅरडाइज’समोर रांगा लागल्या असत्या, आणि त्या रांगांतील अनेकांनी रिसोत्तोबरोबर स्पॅगेटी मागितली असती. कला आणि व्यापार यांना समोरासमोर उभे करणाऱ्या वाचनात हे बसत नाही. येथे व्यापाराच्या कपटानेच कलेला तिची रात्र मिळवून दिली, आणि सकाळी तिची किंमतही त्यानेच वसूल केली. आपण व्यावसायिक आहोत, जेव्हा जे व्हावे लागेल ते होतो, तू नेमका कोण आहेस, अशा आशयाचा प्रश्न पास्काल सेकोंदोला करतो. इयन होम यांचा अभिनय इतरत्र कमालीचा भडक असला तरी येथे तो एकदम खाली उतरतो. सेकोंदोकडे उत्तर नाही. त्याला कॅडिलॅक हवी आहे, फिलिस हवी आहे, गॅब्रिएलाही हवी आहे. त्याला अमेरिका हवी आहे आणि अमेरिकेला त्याच्याजवळचे जे विकत हवे आहे ते त्याचे नाही, भावाचे आहे.

रात्री समुद्रकिनाऱ्यावर होणारे भावांचे भांडण यामुळे निर्णायक ठरते. काका रोममध्ये नवे रेस्टॉरंट काढीत आहे आणि दोघांनाही बोलावतो आहे. प्रिमोला परत जायचे आहे, सेकोंदोला नाही. या वादात दोघेही आपापल्या परीने बरोबर आहेत. वाळूत दोघांची झटापट होते ती हास्यास्पद दिसते, कारण दोघांनाही मारामारी येत नाही. प्रिमोचे इंग्रजी अडखळते, म्हणून गिऱ्हाइकाशी, बँकेशी, पास्कालशी बोलणारा नेहमी सेकोंदोच. तो या रेस्टॉरंटचा अनुवादक आहे. आणि मूळ ग्रंथाने अनुवादकाला कधी माफ केलेले नाही. याच ठिकाणी चित्रपटातील एक उणीवही नोंदवली पाहिजे. स्त्रीपात्रांना संहितेत स्वतःचे प्रयोजन जवळजवळ नाही. गॅब्रिएला सत्य सांगण्यापुरती, अॅन प्रिमोचा हळवेपणा दाखविण्यापुरती, फिलिस दुखावली जाण्यापुरती उरते. मेजवानी कोणासाठी, हा प्रश्न विचारणाऱ्या चित्रपटाने तो या तिघींच्या बाजूनेही विचारायला हवा होता.

या चित्रपटाचा उत्तरकाळ प्रिमोला आवडला असता असे वाटत नाही. तिम्पानो घरोघरी करून पाहण्याचा आणि रेस्टॉरंटांत खास मागणीने मिळण्याचा पदार्थ झाला. टुची यांनी पुढे आपल्या कुटुंबाच्या पाककृतींची पुस्तके काढली आणि २०२१ मध्ये इटलीतील खाद्यप्रदेशांवर दूरचित्रवाणी मालिका केली. ज्या रिसोत्तोमुळे ‘पॅरडाइज’चे गिऱ्हाईक बुचकळ्यात पडले, तो आता अमेरिकेत ओळख करून द्यावी लागणारा पदार्थ राहिलेला नाही. अस्सलपणा हीच बाजारात सर्वाधिक खपणारी वस्तू होईल, ही शक्यता पास्कालच्याही ध्यानात आली नव्हती.

शेवटचा प्रसंग मात्र बाजाराच्या कक्षेत येत नाही. सकाळ झाली आहे. वाढपी क्रिस्तियानो स्वयंपाकघरातच झोपलेला आहे. सेकोंदो आत येतो, त्याला भूक आहे का विचारतो, अंडी फोडतो, काट्याने फेटतो, तव्यावर टाकतो. कॅमेरा जवळपास स्थिर आहे आणि सुमारे पाच मिनिटे दृश्य न तोडता हे सारे चालते, संभाषण नावापुरतेच. आदल्या रात्रीच्या भव्यतेनंतर तीन-चार अंड्यांचे ऑम्लेट. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की ते सेकोंदो करतो. संपूर्ण चित्रपटात ज्याने अन्न फक्त वाहून नेले, समजावून सांगितले आणि विकण्याचा प्रयत्न केला, तो येथे प्रथमच मुद्दाम असे काही रांधतो. त्यात सराईतपणा आहे, मिरविणे नाही. या पदार्थाला प्रांत नाही, ध्वज नाही, खाद्यपत्रिकेत नाव नाही. तो त्याचे तीन भाग करतो. एक क्रिस्तियानोला देतो, एक स्वतः घेतो आणि तिसरा तव्यातच ठेवतो. प्रिमो अजून आलेला नाही. येईल की नाही हेही ठाऊक नाही. आदल्या रात्रीही एका न आलेल्या माणसासाठी पान मांडून ठेवले होते. प्रिमो येतो. सेकोंदो उठून त्याला ताटली आणून देतो, तिसरा भाग वाढतो. क्रिस्तियानो बाहेर निघून जातो. दोघे भाऊ शेजारी बसून खातात. खाता खाता एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर जातो, मग दुसऱ्याचाही. बँकेचा प्रश्न सुटलेला नाही, रोमचे ठरलेले नाही, आणि कॅमेरा अजून तेथेच उभा आहे.